खाऱ्या वाऱ्यात घरचा सर्व्हर: एक पावसाळा काढल्यानंतर

एका रात्रीचा दशावतार शूट करायचा म्हणजे दोन कॅमेरे, चार तास आणि सकाळी १८० जीबी. तेही सेकंदाला ५० मेगाबिट (५० एमबीपीएस) एवढ्याच दर्जावर, फार ऐट न करता. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की माझ्या टेबलावर यूएसबी डिस्कांची चळत लागायची आणि कुठल्या जत्रेचं नाटक कुठल्या डिस्कवर, हे मला सोडून कुणाला कळायचं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गेलेली वीज परत आली, तेव्हा त्यातली एक डिस्क नुसती टकटक करत बसली. त्या दिवसापासून घरी स्टोरेज सर्व्हर, म्हणजे सगळ्या फाइली एका जागी ठेवणारा कॉम्प्युटर, बांधायचं डोक्यात होतं. बांधला मात्र गेल्या वर्षी. आता वेंगुर्ल्याचा एक पूर्ण पावसाळा त्याने काढलाय, म्हणून लिहितोय.

प्रोसेसरवर लोक उगाच काथ्याकूट करतात. माझ्यासमोर दोनच पर्याय होते. इंटेल एन१०० चा नवा छोटा बोर्ड, किंवा ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीच्या आय५ चा जुना टॉवर. एन१०० वीज कमी खातो, पण इथे मिळणाऱ्या त्याच्या बोर्डांवर साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, एक नाहीतर दोन. मी जुना टॉवर घेतला, १६ जीबी रॅमसकट साडेअकरा हजारांना. दोन डिस्क धरून रिकामा असताना ३२ वॅट, म्हणजे महिन्याला २३ युनिट. एन१०० घेतला असता तर आठ-नऊ युनिट वाचले असते. तेवढ्यासाठी मी झोप घालवणार नाही.

जुन्या टॉवरची एक खोड सांगतो. अशा ब्रँडेड डब्यांचा पॉवर सप्लाय बऱ्याचदा कंपनीच्याच मापाचा असतो, बाजारातला साधा बसत नाही. डिस्कसाठी जास्तीची वायर लागली की दुकानदार मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वायरीवरून) साटा करणारं कनेक्टर पुढे करतो. त्यातलं प्लास्टिक ओतून बंद केलेलं स्वस्तातलं कनेक्टर घेऊ नका, आत तारा एकमेकींना टेकून ते जळतं. तारा वरून दाबून बसवलेल्या दिसतात तसं घ्या, पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी.

पैसा ओतायचा तो डिस्कवर. ८ टीबीच्या दोन सीगेट आयर्नवुल्फ, दोघींवर तोच माल, झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या मिररमध्ये. वर ट्रूनॅस, स्टोरेज सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम. कॉम्प्युटरवर ८ टीबीचे ७.२७ दिसतात, त्याने दचकू नका. घेताना बघायचं ते सीएमआर की एसएमआर, म्हणजे डिस्कवर माल लिहायची पद्धत कुठली. सीएमआरमध्ये माल लिहायचे पट्टे सुटे, शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर शेजारची उचकटावी लागतात. एक डिस्क मेली आणि नवीवर सगळा माल पुन्हा भरायची वेळ आली की अशी डिस्क रडकुंडीला आणते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या साध्या रेड डिस्कांत, २ ते ६ टीबीच्या, एसएमआर निघालं. कंपनीने ते मान्य केलं आणि सीएमआरवाल्यांना पुढे ‘रेड प्लस’ नाव दिलं. म्हणजे खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर शोधून बघा. आयर्नवुल्फ सगळ्या सीएमआर आहेत, पण माझी ही ८ टीबीवाली मिनिटाला ७२०० फेऱ्यांची (आरपीएम), आवाज करते. आईने दुसऱ्याच रात्री विचारलं, “ह्यो डबो रातभर कित्याक घुरघुरता रे?” माजघरात ठेवणार असाल तर रेड प्लस घ्या, तिची ८ टीबीवाली ५६४० वर फिरते.

माझी एक डिस्क ‘नवी’ म्हणून सीलबंद आली होती. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीचे, आकडे काढले तर ३१,००० तास चाललेली, म्हणजे साडेतीन वर्षं कुणाच्या तरी सर्व्हरमध्ये राबून आलेली! बदलून मिळायला अठरा दिवस आणि अगणित फोन. डिस्क आली की आधी तास बघा, मगच स्टिकर सोलून कौतुक करा. आणि हे तास पुसताही येतात, तेव्हा सीगेट असेल तर तिची फार्म नावाची वेगळी नोंदही ताडून बघा.

आता इथली खरी गोष्ट, अर्थिंग. आमचं घर चिऱ्याचं, खाली कातळ. एप्रिलमध्ये डब्याला हात लावला की मनगटापर्यंत झिणझिण्या. टेस्टर लावला तर कॅबिनेटवर दिवा मंद पेटला. अर्थिंग नीट नसलं की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून हा गळका करंट कॅबिनेटवर येऊन बसतो. वायरमन आला आणि डब्याकडे न बघता परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला. “उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओततंस काय?” मी नव्हतो ओतत. कोळसा-मीठ नवं भरलं, दोन कळशा पाणी घातलं, टेस्टरचा दिवा गेला. हजार रुपयांच्या आतलं काम, आणि सबंध सर्व्हरमध्ये याहून मोलाचं काही मी केलेलं नाही.

यूपीएस घेताना मात्र फसलो. ६०० व्हीएचा स्वस्त घेतला, त्याला डेटा पोर्टच नाही. वीज गेलेली सर्व्हरला कळणार कशी? मी रात्रभर जत्रेत, इथे बॅटरी संपेपर्यंत डबा चालतोय आणि मग धप्पकन बंद. दुसरा घेतला, यूएसबीवाला. आता वीज जाऊन पाच मिनिटं झाली की सर्व्हर आपला आपण शहाण्यासारखा बंद होतो. पहिला राउटरला लावलाय.

नेटवर्क साधं गिगाबिट. १८० जीबी साधारण अर्ध्या तासात चढतात, तेवढ्यात आंघोळ आणि चहा होतो. वायफायवरून प्रयत्न करून बघितला, नको.

जुलैत एका सकाळी डबा सुरूच होईना. नुसत्या बीप. रॅम काढली तर सोनेरी दातांवर काळपट थर, समुद्र घरापासून हाकेवर आहे. लेकीच्या कंपासमधला खोडरबर फिरवला, कापडाने पुसलं, लागला चालू. तेव्हापासून पावसाळ्यात तो बंद ठेवत नाही. चालू डबा कोमट राहतो, दमट हवा आत ठरत नाही. मागच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा चिकटवलाय. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये मेलेली पाल मी एकदा काढलीय, दुसऱ्यांदा काढायची हौस नाही.

मिररची एक गंमत. मार्चमध्ये मीच चुकून एका लग्नाचा फोल्डर उडवला, आणि दोन्ही डिस्कांनी तो आज्ञाधारकपणे उडवला. रात्रीचा स्नॅपशॉट, म्हणजे तेव्हाच्या फाइलींची जशीच्या तशी जपलेली स्थिती, होता म्हणून नवरीच्या बापासमोर उभा राहू शकलो. आता तिसरी ८ टीबी डिस्क बहिणीकडे सावंतवाडीला, महिन्यातून एकदा भरून पाठवतो. ती तिने कपाटात साड्यांखाली ठेवलीय. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, बाकी उत्तम.