एकट्याने पहिला दिवस: बोगोता की क्वितो?

अँडीजच्या भागात एकट्याने पहिल्यांदाच जाताय आणि सुरुवात कोलंबियाच्या बोगोतापासून करावी की इक्वेडोरच्या क्वितोपासून, हे ठरत नाहीये? फोटो बघून तर ठरणारच नाही. दोन्ही डोंगरातल्या राजधान्या, दोन्हीकडे स्पॅनिश काळातली जुनी पेठ, दोन्हीकडे वर नेणारी केबल कार. माझं मत असं, की आधी विमान कोणत्या वारी आणि किती वाजता उतरतंय ते बघा. शहर त्यावरून ठरवा.

त्याआधी उंचीचं बोलू. बोगोता सुमारे २,६४० मीटरवर, क्वितो २,८५० वर. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे हॉटेलच्या दारातच तुम्ही तिच्याहून हजार-बाराशे मीटर वर असता. जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं, रात्री झोप मोडते. मोन्सेराते हा बोगोताचा डोंगर ३,१५२ मीटर आहे, तिथे पहिल्या दिवशी केबल कारने गेलात तर एक वेळ चालेल. क्वितोचा तेलेफेरिको, म्हणजे तिथली केबल कार, मात्र ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. तो पहिल्या दिवशी अजिबात नको. एकटं असताना तिथे चक्कर आली तर सावरायला सोबत कुणी नसतं.

उशिरा रात्री उतरणार असाल तर बोगोता. एल दोरादो विमानतळ शहरालाच लागून आहे. क्वितोचा विमानतळ २०१३ पासून शहराबाहेर ताबाबेलाला गेला, तिथून गावात यायला तासभर सहज जातो. रात्रीचं विमान क्वितोचंच मिळालं, तर ताबाबेलातच मुक्काम करा. ते शहरापेक्षा साडेचारशे मीटर खाली आहे, झोपही बरी लागते.

बोगोतात पहिला दिवस ला कांदेलारिया या जुन्या भागात काढावा, आणि त्यातला मोठा भाग सुवर्ण संग्रहालयाला द्यावा. मुइस्का या इथल्या मूळ लोकांचा सोन्याचा तराफा इथे आहे. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत तो सापडला. लांबी जेमतेम वीतभर, पण मधोमध बसलेला मोठा सरदार, त्याच्याभोवतीची छोटी माणसं, तारेसारखं बारीक काम, हे सगळं वाकून बघत राहावं असं आहे. कुणी 'चला आता' म्हणणारं नसतं, एकट्याने फिरण्याचं खरं सुख ते हेच. पुढे काही मिनिटांवर चित्रकार फर्नांदो बोतेरोच्या नावाचं संग्रहालय आहे, त्याला प्रवेश फुकट. फक्त वार सांभाळा: सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद, बोतेरो मंगळवारी. रविवार असेल तर सोन्याहून पिवळं. सकाळी ७ ते दुपारी २ शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद करून सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना मोकळे ठेवतात. १९७४ पासूनची ही प्रथा. नवख्या माणसाला शहराची भीती घालवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

क्वितोचं बळ वेगळं. जुनं शहर १९७८ च्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत आलं आणि ते पायी फिरण्याजोगं आहे. २०२३ च्या शेवटी मेट्रो पूर्ण सुरू झाली, तिचं स्टेशन थेट सान फ्रान्सिस्को चौकात आहे. बोगोतात मेट्रोचं बांधकामच चाललंय, आणि तिथल्या ट्रान्समिलेनियो बसमध्ये गर्दीच्या वेळी सामान घेऊन चढू नका. ला कोम्पान्यिया चर्चचा आतला सोन्याचा वर्ख डोळे दिपवतो, पण मला जास्त भावते ती बासिलिका, हेही एक मोठं चर्च. भिंतीतून डोकावणारे प्राणी इथे इक्वेडोरचेच आहेत: इग्वाना, कासवं, आर्माडिलो. मनोऱ्यावर जाताना छतावरच्या लाकडी पुलावरून आणि मग उभ्या शिड्यांवरून चढावं लागतं. पहिल्या दिवशी निम्म्यावरून परत फिरलात तरी बिघडत नाही.

पैशांत क्वितो सोपं, कारण २००० पासून तिथे अमेरिकन डॉलरच चालतो. सुटे मात्र ठेवा. बोगोतात पेसोच्या हजारांतल्या नोटा सुरुवातीला गोंधळात टाकतात. शाकाहाऱ्यांनाही क्वितो बरं: लोक्रो, म्हणजे बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि अवोकाडो. बोगोताच्या आहियाको सूपमध्ये कोंबडी असतेच. कुठेही नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. कोंबडी, मासे आणि मांसाचं पाणी वेगवेगळं सांगा.

सुरक्षिततेत दोघांनाही सूट नाही. अंधार पडला की जुन्या पेठा ओस पडतात, म्हणून मुक्काम बोगोतात चापिनेरोकडे, क्वितोत ला फ्लोरेस्ताकडे बघा. मोबाइल रस्त्यावर हातात धरू नका, संध्याकाळी अ‍ॅपवरूनच टॅक्सी बोलवा. इक्वेडोरमध्ये जानेवारी २०२४ पासून वारंवार आणीबाणी लागली आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी ताज्या सूचना वाचाच. मला स्वतःला याच कारणाने आज बोगोताकडे झुकावंसं वाटतं.

सोमवारी सकाळी उतरताय आणि परिस्थिती शांत आहे, तर क्वितो घ्या. दोन्ही शहरं करणार असाल तर बोगोता आधी ठेवा, म्हणजे क्वितोला पोचेपर्यंत अंगाला उंचीची सवय झालेली असेल, आणि तेलेफेरिकोही जमेल.