गच्चीवरचं ३ किलोवॅट सोलर: चंद्रपुरातला वर्षभराचा अनुभव

पाचपैकी चार तारे.

मी एकतीस वर्षं इथल्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा विभागात होतो. टिपलरवर वॅगन उलटी होऊन कोळसा खाली कोसळतो, तो आवाज अजून कानात आहे. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला की तासाला साडेतीनशे टनांच्या आसपास कोळसा खातो. इथे असे पाच आहेत, शिवाय २१० चे दोन. मिळून २,९२० मेगावॅट. एका युनिटमागे कोळसा पाऊण किलोच्या आतच लागतो, पण जळताना त्यातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, म्हणून कार्बन डायऑक्साइड निघतो जवळपास किलोभर. चिमणीतून निघताना तो दिसत नाही. राख खाली बसते, हा वायू शेकडो वर्षं वरच राहतो आणि उष्णता धरून ठेवतो. चंद्रपूर आधीपासूनच तापणारं गाव. पण मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो आणि मध्यरात्रीही भिंती निवत नाहीत, तेव्हा हे माहीत असणं टोचायला लागलं. त्या नोकरीवरच हे घर उभं राहिलं, तिच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. म्हणूनच निवृत्तीच्या पैशातून सोलर घेतलं.

खर्च १ लाख ९५ हजार, त्यातले ७८ हजार अनुदानाचे परत आले. बसवणाऱ्यांनी सांगाडा उंच केला, खाली बायकोचे पापड-कुरड्या वाळतात. काम नेटकं. एक तारा कापला तो नेट मीटरसाठी, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरसाठी: सात आठवडे हेलपाटे, तोवर पॅनल नुसते उन्हात पडून.

वर्षात ४,१८० युनिट झाले. मार्चमध्ये दिवसाला १४-१५ मिळत होते. मे महिन्यात ऊन कडक, तरी १३ च्या वर जाईना, कारण पॅनल फार तापलं की वीज कमी होते. पावसाळी दिवशी चारावर समाधान. इथे धूळ भारी. तीन दिवस पुसलं नाही तर बोट काळं होतं. धुतल्यावर एखादं युनिट वाढतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, शेवटचा हात साध्या गोड्या पाण्याचा द्या.

लाइन गेली की हे सोलरही बंद पडतं, हे घेण्याआधी विचारून घ्या. आणि रात्री आमचा कुलर कोळशावरच चालतो. दिवसाची जास्तीची युनिटं बिलात वळती होतात, तेवढंच.

हिशेब केला: वर्षाला तीनेक टन कोळसा वाचला. आमच्या टिपलरवर येणारी एक वॅगन साठेक टनांची. म्हणजे माझ्या गच्चीला एक वॅगन वाचवायला वीस वर्षं, आणि टिपलर ती काही मिनिटांत रिकामी करायचा. हे कळल्यावर मी गल्लीतल्या सहा घरांत माझं बिल घेऊन गेलो. दोघांनी अर्ज भरलेत.

पॅनल सकाळी सहाच्या आत धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते.