ओस पडलेले गाव: महोत्सव भरवावा की कलावंतांना वस्तीला आणावे?

ओस पडलेल्या किंवा पडू लागलेल्या गावाला संगीत आणि कलांच्या आधाराने जाग आणू पाहणाऱ्यांपुढे बहुधा दोन वाटा असतात: ठरावीक काळाने महोत्सव भरवणे, किंवा कलावंतांना मुक्कामाला आणणे. दोन्हींना मी एकच प्रश्न विचारतो. मांडव उतरल्यानंतरच्या साध्या मंगळवारी, दिवेलागणीला, गावात किती घरे उजळतात?

महोत्सवाची जमेची बाजू म्हणजे तो झटपट नाव मिळवून देतो. फ्रान्समधील मार्सियाक या जेमतेम बाराशे वस्तीच्या गावात १९७८ पासून जॅझ महोत्सव भरतो. मात्र त्या गावाकडून घेण्यासारखी गोष्ट महोत्सवाबाहेर आहे. तेथील माध्यमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडण्याच्या बेतात असताना १९९३ मध्ये तिच्यात जॅझचे वर्ग सुरू झाले, आणि संगीतासाठी बाहेरची मुले तेथे शिकायला येऊ लागली. पाहुणा चार दिवसांनी जातो. शाळेत घातलेले मूल काही वर्षे राहते.

जपानमधील एचिगो-त्सुमारी येथे २००० पासून साधारणपणे दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुमारे ७६० चौरस किलोमीटरच्या डोंगराळ, बर्फाळ मुलखात मुद्दाम विखुरलेला असतो, म्हणजे पाहणाऱ्याला वाडीवाडीतून फिरावेच लागते. तेथील एका रिकाम्या जुन्या घराच्या भिंती, तुळया आणि जमीनसुद्धा विद्यार्थ्यांनी छिन्नीने कोरून काढली आहे. अनवाणी चालताना प्रत्येक घाव तळव्याला जाणवतो. पडू घातलेल्या घराची अशी राखण होते, हेही थोडे नाही. तरीही राखलेले घर आणि नांदते घर यांत फरक उरतोच.

मुक्कामाची वाट संथ असते आणि सुरुवातीला कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. जपानच्याच कामियामा गावाने १९९९ मध्ये निवासी कलावंतांचा उपक्रम सुरू केला. गाव सोडणाऱ्यांपेक्षा येणाऱ्यांची संख्या जास्त झाली ती २०११ मध्ये. त्याचे सगळे श्रेय कलेला देणे बरोबर नाही, कारण वेगवान इंटरनेटमुळे कंपन्यांनीही तेथे लहान कार्यालये थाटली होती. पण परक्याला सामावून घेण्याची सवय गावाला आधीच लागलेली होती, आणि ती विकत मिळत नाही.

या वाटेवरचा मोठा खड्डा मालकीचा आहे. इटलीतील बुसाना वेक्किया हे गाव १८८७ च्या भूकंपानंतर रिकामे झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कलावंत तेथे राहू लागले, त्यांनी ढिगाऱ्यांतून घरे उभी केली. पुढे जागा सरकारची असल्याचा दावा झाला आणि वाद वर्षानुवर्षे चालला. कलावंत कागदपत्रांच्या बाबतीत सहसा ढिले असतात, म्हणून हे काम आयोजकांनीच उरकावे.

गावात पन्नास-साठ माणसे आणि धुगधुगी असलेली शाळा उरली असेल, तर मी संगीत आधी शाळेत न्यावे आणि महोत्सव लहान ठेवावा असे म्हणेन. कोणीच उरले नसेल, तर महोत्सवाला यजमानच नाही. तेथे मुक्कामाचीच वाट धरावी. दोन्ही ठिकाणी पहिला खर्च मंचावर करू नये. एका घराचे छप्पर, पाण्याची सोय, थंडीतही बसता येईल अशी सरावाची खोली आणि किमान दहा वर्षांचा लेखी भाडेकरार, एवढे हाती आल्यावरच पहिल्या वादकाला बोलवावे; आणि तो ढोल वाजवणारा असेल, तर त्याची खोली वस्तीच्या कडेला असावी.