इसाराचे दोन हजार आणि रोटाव्हेटरचे वीस हजार

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सहा फुटी रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायचं यंत्र, विकायला काढला की पहिला येणारा दलाल फारशी घासाघीस करत नाही. मालक पासष्ट म्हणाला, तर हा साठ हजारांवर लगेच तयार. दोन हजार इसार हातावर ठेवतो आणि सांगतो, "आठ दिवसांत गाडी घेऊन येतो, दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका." आठाचे पंधरा होतात. कधी गाडी मिळत नाही, कधी घरात लग्न निघतं. तोवर विचारायला आलेली दोन-तीन गिऱ्हाइकं मालकाने शब्दाखातर परत पाठवलेली असतात. मृग लागतो, ज्याला घ्यायचा त्याने दुसरीकडून घेतलेला असतो, आणि मग हा उगवतो. सोबत एक मिस्त्री आणतो.

खरी कापाकापी मिस्त्रीच करतो. तो रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरणारा दांडा, हाताने पुढे-मागे हलवतो, खट्-खट् आवाज येतो, "गिअर गेला, बेअरिंग गेली, दहा हजार." झाकण काढून बोट बुडवतो, "तेल काळं पडलंय, तेल अडवणारं सीलही बघा, तीन हजार." पात्यांकडे पाहून सात हजार. साठाचे चाळीस झाले. मोसम गेलेला असतो, इसार घेतलेला असतो, मालक मान हलवतो.

यातलं खरं किती, ते तपासायला अर्धा तास लागतो. रोटाव्हेटर उचलून खाली लाकडी ठोकळे द्या, ट्रॅक्टर बंद करून चावी काढून घ्या. रोटर फिरण्याच्या दिशेने थोडा हलणं म्हणजे क्राउन-पिनियनच्या, म्हणजे आतल्या गिअरच्या जोडीच्या, दात्यांमधली मोकळीक. ती असतेच, नव्या यंत्रातही असते. बेअरिंग तपासायची तर रोटरच्या टोकाखाली पहार घालून वर उचलून पाहा. वर-खाली हालचाल जाणवली तरच बेअरिंग गेली म्हणायची. तेल काळं म्हणजे फक्त जुनं. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. खालचा ड्रेन बोल्ट काढल्यावर तेलात चमकणारे लोखंडाचे कण किंवा कपचे आले, तर मात्र गिअर खरोखर खराब आहेत, तिथे पैसे सोडावेच लागतात. रोटरच्या टोकाशी तेल गळत असेल तर आधी गुंडाळलेली सुतळी, तार, गवत कापून काढा. बहुतेक वेळा त्यांनीच सील कापलेलं असतं. सील स्वस्त आहे. पण गळती महिनोन्‌महिने चालू असेल, तर साईड गिअर कोरडे चाललेले असू शकतात, ते झाकण उघडूनच कळतं.

पात्यांचा हिशेब सगळ्यात फसवा. सहा फुटीला साधारण ४२ पाती असतात, निम्मी डावी, निम्मी उजवी. पाती झिजलेली म्हणून तर यंत्र जुनं, आणि जुनं म्हणूनच भाव नव्याच्या निम्म्यावर आला. त्यातून पुन्हा नव्या ४२ पात्यांचे पैसे वजा केले की एकच झीज दोनदा कापली जाते. तुटलेली किंवा नसलेली पाती तेवढी मोजून वजा करा, तीही दुकानातला भाव विचारून.

दलालाचा मिस्त्री येण्याआधी आपला मिस्त्री आणा, यादी करा, मग भाव सांगा. इसार घेताना कागदावर चार गोष्टी लिहा: यंत्र चालवून पाहून आहे त्या स्थितीत पसंत, ठरलेला भाव, उरलेले पैसे देऊन माल नेण्याची तारीख, आणि त्या तारखेला न नेल्यास इसार बुडाला व मालक दुसऱ्याला विकायला मोकळा. दोन हजारांत मोसमभर यंत्र अडकवून ठेवणं दलालाला परवडतं, म्हणून इसार किमान दहा टक्के घ्या. पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला पोचवणारा दांडा) धरून की सोडून, हेही त्यातच लिहा. गाडीत चढवताना "शाफ्ट तर सोबतच असतो ना" हे वाक्य हमखास येतं.

मोबाईलवर जाहिरात टाकलीत तर वेगळा चोर भेटतो. तो यंत्र न पाहताच पूर्ण भाव कबूल करतो. बहुतेकदा स्वतःला फौजी म्हणवतो, बदली झाल्याने येता येत नाही, गाडी पाठवतो म्हणतो. मग क्यूआर कोड येतो: "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट किंवा मेसेजही पुरावा नव्हे, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली पाहिजे. गेलेच, तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

कागदांचं एक राहिलं. ट्रॉलीला आरसी असते, रोटाव्हेटरला नसते. मालकी दाखवायला खरेदीचं बिल आणि प्लेटवरचा नंबर एवढंच. दोन्हींचे फोटो काढून विक्रीच्या कागदावर तो नंबर लिहा. यंत्र महाडीबीटीवरून (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवरून) अनुदानात घेतलेलं असेल, तर हमीपत्रातली मुदत संपल्याशिवाय विकायला काढू नका. दलालाला हे कळलं की "अनुदानाचं आहे, मी कुणाला सांगणार नाही" म्हणत तो आणखी पाच हजार कापतो, आणि तिथे तुम्हाला बोलायला तोंडच उरत नाही.