जुन्या गाडीचे हेडलाइट: रिलेसह हॅलोजन की एलईडी?
दारव्ह्याकडच्या माझ्या भाच्याला रात्री शेतावरून परतताना रोही (नीलगायी) अगदी ऐनवेळी दिसतात, म्हणून घरीच रिले (बल्बला थेट बॅटरीची वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) टाकून ६०/५५ वॅटचा एच४ हॅलोजन ठेवावा की त्याच होल्डरमध्ये एलईडी बसवावा, या विचारात तो अडकला आहे.

मेहनतीत एलईडी सोपा वाटतो. पण त्याच्या मागचा थंड करणारा पंखा पुष्कळदा हेडलाइटमागच्या रबरी टोपीत मावत नाही, आणि टोपी कापली की पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरते. रिलेसाठी बॅटरीपासून फ्यूजसह जाड तार ओढण्यात दुपार जाते, मात्र जुन्या तारांत घटणारे व्होल्टेज वाचून तोच बल्ब लख्ख पेटतो.

खरा फरक झोताचा आहे. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो; एलईडीची चिप तिथून जराशी सरकली तरी उजेड विखुरतो, समोरून कापसाची बंडी हाकत येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला लांबचे काही दिसत नाही. हॅलोजन लवकर जळतो हे खरे, पण तो तालुक्याला सहज मिळतो. बसवताना बल्बच्या काचेला बोट तेवढे लावू नये.

रोज रात्री पांदणीने आणि डांबरी रस्त्याने फिरणाऱ्याने रिलेसह हॅलोजनच घ्यावा. गाडी क्वचितच रात्री निघत असेल आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर थकलेला असेल, तर कमी वीज खाणारा एलईडी चालेल, तोही भिंतीवर झोत तपासूनच.