गिटहब पेजेस: फुकट, भक्कम, पण नावांबाबत हट्टी

पहिलीवहिली वेबसाइट, चार पानं, थोडे फोटो आणि खिशाला तोशीस नको, एवढीच गरज असेल तर गिटहब पेजेस, म्हणजे कोड साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाची वेबसाइट चालवून देणारी सेवा, डोळे झाकून घ्या. सेवा २००८ पासून चालू आहे आणि पानावर जाहिराती चिकटवत नाही. फाइलींमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या प्रोग्रॅमच्या कमांड पाठ करायची गरज नाही, ब्राउझरमधून सगळं होतं.

गिटहबवर खातं उघडताना युजरनेम विचार करून निवडा, कारण तोच तुमचा पत्ता होणार. मग नवी रिपॉझिटरी (फाइलींचं भांडार) काढा आणि तिचं नाव 'युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ' असंच ठेवा. ती पब्लिक हवी. फुकटच्या खात्यात प्रायव्हेट रिपॉझिटरीतून साइट चालत नाही. 'ॲड फाइल'मधून फाइली चढवा, 'कमिट चेंजेस' दाबा, म्हणजे बदलांची नोंद (कमिट) होते. साइट दिसायला कधी मिनिटभर, कधी दहा मिनिटं लागतात.

आणि तरीही ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दिसतं. बहुतेक वेळा गोची नावात असते. मुख्य पानाचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल, तेही सगळं स्मॉल लिपीत. विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेवटचं टोक) लपवतं, त्यामुळे नोटपॅडमध्ये सेव्ह केलेल्या फाइलला मागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' लागलेलं असतं. काही जण अख्खा फोल्डर ओढून टाकतात. मग पान एक पायरी आत जातं आणि वरच्या पत्त्यावर काहीच सापडत नाही. फोटोंचंही तेच. विंडोजला कॅपिटल जेपीजी आणि स्मॉल जेपीजी सारखेच, गिटहबच्या सर्व्हरला मात्र ते दोन वेगळे. म्हणून घरी दिसणारा फोटो तिथे गायब. अंडरस्कोअरने सुरू होणारे फोल्डरही जेकिल, म्हणजे गिटहबवर साइट तयार करणारा प्रोग्रॅम, गाळतं. त्यावर उपाय म्हणजे 'डॉट नोजेकिल' नावाची रिकामी फाइल.

बदल केला तरी जुनंच पान दिसत असेल तर घाई नको. ब्राउझर दहा मिनिटं जुनी प्रत धरून ठेवतो, कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा. तरी नाही, तर रिपॉझिटरीच्या 'ॲक्शन्स' टॅबमध्ये हिरवी खूण आली का ते बघा.

मराठी मजकुरासाठी पानाच्या हेडमध्ये (सुरुवातीच्या माहितीच्या भागात) यूटीएफ-८ चा, म्हणजे अक्षरांची सांकेतिक पद्धत सांगणारा, मेटा टॅग घालाच. गिटहब तो नसतानाही अक्षरं नीट दाखवतं, पण तीच फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडली की देवनागरीची खिचडी होऊ शकते. पान पडद्याच्या रुंदीला बसवणारा व्ह्यूपोर्टचा टॅग विसरलात तर मोबाइलवर मुंगीएवढी अक्षरं दिसतील.

साइटला १ जीबी आणि महिन्याला १०० जीबी ट्रॅफिक ही मर्यादा नवशिक्याला कधी जाणवणार नाही. ब्राउझरमधून एक फाइल २५ एमबीपर्यंतच चढते, पण मोबाइलचा फोटो मुळात १२०० पिक्सेल रुंदीला आणूनच टाकावा.

सर्व्हरवर चालणारी पीएचपी भाषा, डेटाबेस इथे चालत नाहीत. संपर्काच्या फॉर्मसाठी गूगल फॉर्म जोडा. ऑनलाइन दुकान थाटायला तर नियमांतच मनाई आहे. पासवर्ड वगैरे चुकूनही फाइलीत नको: पब्लिक रिपॉझिटरी कोणीही वाचतं, आणि फाइल पुसली तरी जुन्या कमिटमध्ये ती उरते.

स्वतःचं डोमेन (स्वतःच्या नावाचा वेब पत्ता) जोडता येतं. खर्च फक्त डोमेनचा. त्यासाठी रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्याकडे) चार ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाईल ते सांगणाऱ्या नोंदी, भरायचे: १८५.१९९.१०८.१५३, आणि तिसरा आकडा १०९, ११०, १११ करत उरलेले तीन. 'एन्फोर्स एचटीटीपीएस'चा चौकोन सुरुवातीला दाबताच येत नाही. सुरक्षित जोडणीसाठी (एचटीटीपीएस) लागणारं प्रमाणपत्र तयार व्हायला कधी दिवसभरही लागतो. तोवर रेकॉर्डशी खेळत बसू नका.