समुद्राच्या पातळीबद्दलचा रविवारचा वर्ग (कर्वे रोड, पुणे): काकांना घेऊन गेलो होतो, सविस्तर अनुभव

५ पैकी ४ स्टार देतोय. एक का कापला ते पुढे येईलच, पण आधी हे सांगतो की ज्यांचं गाव कोकणात आहे त्यांनी हा वर्ग चुकवू नका.

मागच्या महिन्यात काका दापोलीकडून आले होते, गुडघा दाखवायला. त्यांची खाडीच्या तोंडाशी नारळी-पोफळीची वाडी आहे, निसर्ग वादळात अर्धी झोपली, उरलेली कशीबशी उभी आहे. दोन वर्षं झाली, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं आणि उधाणाला पाणी गडग्यापर्यंत (वाडीच्या दगडी कुंपणापर्यंत) येतं. त्यांचा एकच प्रश्न, पाणी किती वाढणार ते सांग, म्हणजे गडगा तेवढा उंच करतो. मी काय सांगणार? मोबाईलवर शोधलं तर कुणी म्हणतं अमुक शहर बुडणार, कुणी म्हणतं काही होत नाही. तेवढ्यात बायकोला सोसायटीच्या ग्रुपवर या वर्गाचा मेसेज आला. भूगोल शिकवून रिटायर झालेल्या एक मॅडम घेतात, रविवारी सकाळी १० ते १, फी ४५० रुपये, सिनियर सिटिझनला निम्मी. म्हटलं जाऊन तर बघू.

जागा कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गुडघा दुखणाऱ्या माणसाला दोन मजले चढवणं म्हणजे शिक्षाच, आणि हे मेसेजमध्ये लिहायला हवं होतं कारण निम्मी गर्दी साठीच्या पुढची होती. पार्किंगचं विचारूच नका, मी गाडी लांब लावून चालत आलो, रिक्षाने गेलात तर बरं. हॉल स्वच्छ होता, पंखे चालू, तीसेक लोक. मधल्या सुट्टीत चहा चांगला होता, बिस्किटं पण होती.

आता मुद्द्यावर येतो. मॅडमनी सुरुवातीला दोन काचेचे ग्लास काठोकाठ भरून बशीत ठेवले. एकात बर्फाचे खडे तरंगत होते, दुसऱ्यावर चहाची गाळणी ठेवून त्यात खडे. म्हणाल्या, आता हे असंच राहू दे, आपण बोलूया. अर्ध्या तासाने बघितलं तर पहिल्याचं पाणी तिथल्या तिथे आणि दुसऱ्याचं बशीत सांडलेलं. समुद्रावर तरंगणारं बर्फ वितळल्याने पातळी फारशी बदलत नाही, जमिनीवरचं वितळून आलं की वाढते, हे शाळेत वाचलं होतं पण डोळ्याने बघितल्यावर डोक्यात बसलं. ग्रीनलंडवर एवढं बर्फ आहे की सगळं वितळलं तर जगाचा समुद्र सरासरी ७ मीटरच्या वर चढेल, आणि अंटार्क्टिकाचं वितळलं तर आणखी ५८ मीटर, अर्थात ते काही उद्या होणार नाहीये, शेकडो हजारो वर्षांचा मामला आहे, हेही त्यांनी लगेच सांगितलं, घाबरवलं नाही. मग रंगीत पाण्याची बाटली, बुचातून स्ट्रॉ वर आलेली, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली तर स्ट्रॉमधलं पाणी सरसर वर. गरम झालं की पाणी फुगतं. १९७१ ते २०१८ मधल्या वाढीतला साधारण निम्मा वाटा या नुसत्या फुगण्याचा आहे, हे मला अजिबात माहीत नव्हतं, मला वाटायचं सगळं बर्फच.

जगाची सरासरी म्हणाल तर १९०१ ते २०१८ मध्ये २० सेंटिमीटर, आणि वेग वाढत वाढत २००६ नंतर वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत आलाय. काका माझ्या कानात म्हणाले, म्हणजे दहा वर्षांत चार बोटंसुद्धा नाहीत, मग एवढा आरडाओरडा कशाला? नेमकं तेवढ्यात मॅडम म्हणाल्या की सरासरी हा आकडा कुठल्याच किनाऱ्याचा नाही. आणि तिथून पुढचे दोन तास म्हणजे खरा वर्ग.

मी समुद्राकडे आत्तापर्यंत खडकवासल्यासारखं बघत होतो, पाणी आलं की सगळीकडे सारखी लेव्हल चढणार. तसं नाहीये हो. त्यांनी विचारलं, ग्रीनलंडचं बर्फ वितळलं तर ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर पाणी वाढेल की कमी होईल? सगळ्यांनी वाढेल म्हणून हात वर केले, मी पण. उत्तर आहे कमी होईल. तीन तीन किलोमीटर जाडीच्या त्या बर्फाचं वजन एवढं आहे की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचा समुद्र त्याच्याकडे ओढलेला आहे, बर्फ गेलं की ओढ गेली आणि पाणी लांब पसरतं. साधारण २००० किलोमीटरच्या आत पातळी उतरते आणि आपल्यासारख्या लांबच्या किनाऱ्यांना सरासरीपेक्षा थोडं जास्तच येतं. हॉलमध्ये कुणाला पटेना. काका उभे राहिले आणि म्हणाले, "घरातला कर्ता माणूस गेला की भोवती जमलेली माणसं पांगतात, तसंच ना हे?" मॅडम एकदम खूश झाल्या, म्हणाल्या, "काका, पुढच्या वर्गात मी हेच उदाहरण देणार, चालेल ना तुम्हाला?" काका घरी येईपर्यंत त्याच आनंदात होते.

मग जमिनीचा भाग. फोमची जाड गादी आणली होती, तिच्यावर एका मुलाला बसवलं आणि उठवलं, खड्डा हळूहळू भरून आला. स्वीडन-फिनलंडचं असंच झालंय, हिमयुगातलं बर्फ वितळून दहाएक हजार वर्षं झाली तरी जमीन अजून वर येतेय, या दोन देशांमधल्या बॉथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात वर्षाला जवळजवळ १ सेंटिमीटर. स्टॉकहोमला समुद्राच्या पातळीची नोंद १७७४ पासून आहे आणि तिथे शंभर दोनशे वर्षांत पाणी किनाऱ्याच्या मानाने खाली गेलंय. जुनी बंदरं कोरडी पडली म्हणे. याच्या उलट जकार्ता. तिथे लोकांनी जमिनीखालचं पाणी एवढं उपसलं की काही भाग वर्षाला १० सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगाने खचले, समुद्राच्या वाढीच्या कितीतरी पट. २०१९ मध्ये इंडोनेशियाने राजधानीच दुसरीकडे न्यायचं ठरवलं. सुंदरबनात गाळाची जमीन स्वतःच्या वजनाने दबतेय, म्हणून तिथली वाढ मुंबईपेक्षा जास्त दिसते. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र वर आला काय आणि जमीन खाली गेली काय, दोन्ही सारखंच, पाणी दारात.

वाऱ्याचा प्रयोग परातीत केला. निळं पाणी आणि समोर टेबल फॅन, पाणी एका काठाला गोळा झालं. पॅसिफिकमध्ये व्यापारी वारे, म्हणजे विषुववृत्ताजवळ कायम पूर्वेकडून वाहणारे वारे, असंच पाणी पश्चिमेकडे लोटतात. १९९३ नंतर वीसेक वर्षं हे वारे जोरात होते तेव्हा फिलिपिन्सच्या बाजूला पाणी जगाच्या सरासरीच्या तिप्पट वेगाने चढलं आणि त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जवळपास काहीच वाढ नाही. एकाच महासागराचे दोन काठ! २०११ ची गोष्ट तर मला सगळ्यात आवडली, ला निनामुळे (पॅसिफिकचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं ते) ऑस्ट्रेलियासकट बऱ्याच ठिकाणी जमिनीवर एवढा पाऊस पडून साठला की अख्ख्या जगाच्या समुद्राची पातळी काही महिने ५ मिलिमीटर उतरली, मग पाणी परत समुद्रात आलं आणि पुन्हा चढली. हे सगळं मोजतात सॅटेलाइटने, १९९२ ला पहिला मोठा सोडला, १३३६ किलोमीटर उंचीवरून रडारचे सिग्नल पाण्यावर मारून परत यायला किती वेळ लागला त्यावरून. तेवढ्या उंचीवरून सेंटिमीटरचा हिशोब करणाऱ्या माणसांना माझा नमस्कार.

श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राचा पृष्ठभागच सुमारे १०० मीटर खोलगट आहे हे ऐकून हॉलमध्ये एकदम शांतता. तिथे पृथ्वीची ओढ कमी आहे म्हणून पाणी कमी जमलंय. हा खळगा लाखो वर्षांचा जुना, आजच्या वाढीशी त्याचा संबंध नाही, पण समुद्र सपाट असतो हा समज तिथेच मोडला. मी स्टेशनच्या पाटीवर पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लहानपणापासून वाचत आलोय, कधी विचारच केला नाही की ही सपाटी नक्की कुठली.

आता तक्रार. एवढं सगळं जगाचं झालं आणि आपल्या किनाऱ्याला उरली फक्त शेवटची पंधरा मिनिटं. मॅडम घाईघाईत बोलायला लागल्या आणि माइक पण तेव्हाच बंद पडला, मागच्या रांगांना काही ऐकू येईना. मी पुढे जाऊन ऐकलं म्हणून लिहितोय. मुंबईत अपोलो बंदरला भरती मोजायचं यंत्र १८७८ पासून आहे, एवढी जुनी नोंद आशियात फार कमी ठिकाणी सापडेल. आणि आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या २०२० च्या अहवालात उत्तर हिंदी महासागराचे आकडे आहेत, १८७४ ते २००४ मध्ये वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर, आणि १९९३ ते २०१७ मध्ये ३.३. म्हणजे जवळजवळ दुप्पट ते तिप्पट, आणि आपल्याकडे यात मुख्य हात पाणी तापून फुगण्याचा आहे. इतकी मोलाची माहिती, ती पंधरा मिनिटांत उरकणं मला खरंच खटकलं. पुण्यात कितीतरी घरं कोकणातून आलेली आहेत, त्यांना बॉथनियाच्या आधी दाभोळ-हर्णै सांगा ना! हाच तो कापलेला स्टार. शिवाय बोलणं सगळं छान मराठीत आणि हातात दिलेली कागदं इंग्रजीत, काकांसारख्या माणसाने ती वाचायची कशी?

पण काकांचा प्रश्न मॅडमनी टाळला नाही, वर्ग संपल्यावर वीस मिनिटं त्यांच्याशी बोलत उभ्या होत्या. काकांनी विहिरीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुमच्या आसपास बोअर किती झाल्या?" काका म्हणाले, "चार-पाच तरी, रिसॉर्ट झालीत." मग त्या म्हणाल्या की विहीर मचूळ होण्यात त्या उपशाचा हात असू शकतो, गोडं पाणी खेचलं की खारं आत सरकतं, सगळं समुद्राच्या वाढीवर टाकू नका. किनारा खचण्याचंही तसंच, वाळूउपसा, शेजारी बांधलेली भिंत, वादळ, यातलं काय किती ते जागेवर बघितल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. मला हे फार पटलं. ठोकून एखादा आकडा सांगितला असता तर आम्ही तो घेऊन गेलो असतो.

गडग्याचं उत्तर पण दिलं. या शतकाच्या शेवटापर्यंत जगाची सरासरी वाढ, आपण धूर किती ओकतो त्यावर, २८ सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत कुठेही असू शकते आणि जगातल्या साधारण दोन तृतीयांश किनाऱ्यांवर ती या सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत इकडेतिकडे असेल असा अंदाज आहे. पण तुमच्या गडग्याला मारतं ते सरासरी पाणी नाही, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि त्यात वादळ आलं तर. समुद्र वीतभर चढला की तेच उधाण वीतभर वरून सुरू होतं. म्हणून त्यांनी काकांना सांगितलं की खाडीच्या बाजूच्या दगडी पायऱ्यांवर, जिथे लाटा कमी असतात तिथे, वारा शांत असताना उधाणाची भरती कुठवर आली त्याची खूण करत जा, तारीख लिहून, एकाच जागी, वर्षानुवर्षं. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीची, पण करा.

कुणाला घेऊन जावं? आठवीच्या पुढची मुलं आरामात समजतील, माझी सहावीतली मुलगी प्रयोगांपुरती रमली आणि नंतर कंटाळली. आर्किटेक्ट, इंजिनियर आणि विशेषतः कोकणात प्लॉट घ्यायचा विचार करणारे, तुम्ही टोकन द्यायच्या आधी या. पुढची बॅच पावसाळ्यानंतर आहे असं कळलं, मी मॅडमना कोकणाचं वेगळं सेशन ठेवा असं सांगून आलोय, तुम्ही गेलात तर तुम्ही पण सांगा, जास्त लोकांनी म्हटलं तर ठेवतील. आणि इंग्रजी कागदांचं मराठी करायला मी मदत करतो म्हटलंय, दोन पानं झाली पण.

काका गावी परत गेले. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, तिसऱ्या पायरीवर चुन्याची आडवी रेघ आणि बाजूला खडूने तारीख. खाली लिहिलंय, मॅडमना विचार, पावसात चुना धुऊन जाईल, छिन्नीने खूण पाडली तर चालेल का.